आयर्विनला किती फूट? पूल ज्यांच्या ताब्यात आहे त्या साहेबांना खुलं पत्र

साहेब, नमस्कार.

नावानिशी लिहिणार होतो पण पूल नेमका कुणाचा हे शोधता शोधता तीन ऑफिसं आणि एक चप्पल झिजली. पहिल्या ठिकाणी म्हणाले रस्ता आमच्याकडे, पूल तिकडं विचारा. तिकडं म्हणाले पूल आमचा पण त्याच्यावरची पाणी मोजायची पट्टी आमची नाही, पाण्याचं ते दुसरे बघतात. दुसरे म्हणाले आम्ही फक्त आकडा घेतो, बाकी आमच्याकडं काही नाही, आणि तिथल्या शिपायानं जाताजाता विचारलं की काका तुमचं नक्की काय काम आहे. तेव्हा काही मला दोन वाक्यात सांगता आलं नाही म्हणून हे लांबण लावतोय. आयर्विन पुलाच्या फायलीवर ज्यांची सही चालते त्या साहेबांना हे पत्र, मग ते कुठल्या का खुर्चीवर असेनात. एकापेक्षा जास्त असाल तर एकानं वाचून दुसऱ्याला द्या.

तुमची बदली बाहेरून झाली असेल तर आधी एक सांगतो. जुलै लागला की सांगलीत माणूस सकाळी उठून चहाच्या आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाच्या खांबावरच्या पट्टीवर किती फुटाला लागलंय. फूट हा शब्दसुद्धा बोलत नाहीत. पुण्यात हिंजवडीला असलेला भाचा एरवी महिना महिना फोन करत नाही, पण कोयनेचे दरवाजे उचलले अशी बातमी आली की त्याचा मेसेज येतो, 'मामा आयर्विन?' आणि मी नुसता आकडा पाठवतो, ३४. त्याला कळतं. बायकोच्या माहेरी कळतं, वॉट्सॅपवरच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळतं, भाजीवालीला कळतं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्याकडं शाळेत शिकवत नाहीत तरी दुसरीतल्या पोराला पाठ असतं. कोल्हापूरकरांचं असंच राजाराम बंधाऱ्यावर चालतं, त्यांचा इशारा ३९ आणि धोका ४३, पण त्यांचा बंधारा आहे आणि आमचा पूल आहे, आणि पुलावरून आम्ही रोज जातो येतो हा फरक आहे.

त्यात गंमत अशी की धरणातलं पाणी टीएमसीत, सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये, तिकडं कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची मीटरमध्ये (५१९.६० ठेवायची का ५२४.२५६ करायची हा वाद तुम्ही ऐकला असेलच, मी त्यात पडत नाही, पडलो तर पत्र संपणार नाही), आणि हे सगळं हिशेब करून शेवटी आमच्या दारात येतं ते फुटात आणि इंचात. अख्ख्या देशात मेट्रिक येऊन साठाच्या वर वर्षं झाली, आयर्विन पुलाखाली अजून फूट-इंच चालतात. आणि ते बदलू नका बरं का, हे पत्रातलं पहिलं मागणं समजा. बाकीची ओघानं येतील.

आमचं घर गावभागात. वडिलांचं (आम्ही अण्णा म्हणायचो) हरभट रोडला छोटं दुकान होतं, अस्तर, परकर, ब्लाऊजपीस असलं. अण्णांच्या डोक्यात एक कोष्टक होतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. चाळिशीच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इकडच्या लोकांची बांधाबांध सुरू. मग कर्नाळ रोडचा नंबर. मग मारुती चौकात पाणी आलं असं कुणीतरी सायकलवरून ओरडत जाणार. दुकानाची खालची फळी कधी रिकामी करायची, वरची कधी, गल्ला कधी उचलायचा, आणि घरची गॅसची टाकी कधी माळ्यावर चढवायची हे सगळं त्यांचं आयर्विनच्या आकड्यावर ठरलेलं. रात्री दोन वाजता उठून ते रेडिओला कान लावायचे, नंतर नंतर मोबाईल आला तर नातवाला उठवायचे, बघ रे काय म्हणतंय. आमच्या पायरीला पाणी लागायचा त्यांचा एक आकडा होता आणि तो २००५ पर्यंत कधी चुकला नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं पूर म्हणजे नदी काठ ओलांडून लाटेसारखी येते. आमच्याकडं तसं होत नाही. नदी अजून घाटाच्या पायऱ्यांवर असते तेव्हाच पाणी शेरीनाल्यातून उलटं चढतं आणि गल्लीतल्या गटारीतून वर येतं, आवाज न करता. आधी गटारीच्या जाळीत बुडबुडे येतात. मग झुरळं बाहेर पडतात, भिंतीवरून ओळीनं वर चाललेली असतात. तेव्हा समजायचं. पाणी पहिल्या पायरीला लागलं की आमची आज्जी हळदकुंकू घेऊन खाली जायची, कृष्णामाईची ओटी भरायची आणि मग वर येऊन आम्हाला सांगायची, चला आता डबे उचला. आधी ओटी, मग डबे. अण्णा पायरीवर खडूनं रेघ मारायचे आणि घड्याळ बघायचे. तासानं दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर बोटानं मोजून सांगायचे, तासाला दोन बोटं चढतंय, म्हणजे पहाटेपर्यंत उंबऱ्याला येतंय. आणि मग आयर्विनचा आकडा आला की दोन्ही जुळवून बघायचे. पुलाला एक इंच म्हणजे आमच्या पायरीला किती, असा तो हिशेब.

२००५ ला आयर्विनला ५३ फुटांच्या वर गेलं. तेव्हा सगळे म्हणाले आता याच्यावर काय जात नाही, हा शंभर वर्षांतला पूर झाला. त्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं गेली. जमिनीखाली खोल खणलेली पेवं, त्यात हळद वर्षानुवर्षं ठेवायची, वाळवी नाही कीड नाही, सांगलीच्या हळदीच्या बाजाराची खरी तिजोरी तीच, आणि पाणी आत शिरलं ते शिरलंच. त्यानंतर पेवांचा जमाना उतरला. ५३ चा आकडा म्हणजे आमच्या लेखी छत, त्याच्या हिशेबानं लोकांनी घरं बांधली, जोती उचलली, दुकानदारांनी माळे काढले. अण्णांनी पण ५३ धरून दुकानात वर एक फळी मारली, तिच्यावर वह्या आणि महागाचा माल.

२०१९ ला ५७ फूट आणि वर पाच-सहा इंच.

ऑगस्टचा दुसरा आठवडा तो. आकडा ५० ला गेला, ५३ झाला, तेव्हा अण्णा म्हणाले आता थांबेल. ५४ ला काहीच बोलले नाहीत. ५५ ला म्हणाले पट्टी चुकली असेल. मी त्यांना फोनवर पुलाचा फोटो दाखवला, कमानींचा नुसता वरचा तुकडा दिसत होता, खाली सगळं मातकट, आणि त्या पाण्यातून झाडं, पत्रे, एक अख्खी कडब्याची गंजी. ते बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. मग म्हणाले, वह्या गेल्या. दूध नाही, लाईट नाही, नेटवर्क असलं तर असलं, कोल्हापूरचा रस्ता बंद, इस्लामपूरकडचा बंद, आर्मीच्या बोटी गल्लीतून फिरतात असं चित्र. त्याच आठवड्यात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि १७ जीव गेले, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं, एवढे आम्ही तुटलेले होतो. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं. तो वास मी काही लिहून सांगू शकत नाही. परकरांच्या गठ्ठ्यांना चिखलाचा बोटभर थर आणि आत रंग एकमेकांत उतरलेले, लाल अस्तर सगळ्यात जास्त उतरलेलं. वह्यांची पानं सुटत नव्हती, अण्णा एकेक पान चाकूनं सोडवत बसले होते, उधारी कुणाकडं किती ते आता फक्त त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यांनी सोडून दिलं. २०२१ च्या जुलैत परत ५५ च्या जवळ आलं. तेव्हा अण्णा नव्हते. फळी आम्ही आणखी वर नेली.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं पुराचं झालं, यात पुलाचा इतिहास कुठाय, आणि आमचं काय काम. येतोय तिकडंच.

हा पूल पूर मोजायला बांधला नव्हता साहेब, पुराच्या वरून जायला बांधला होता. त्याच्या आधी सांगलीतून पलीकडं सांगलीवाडीला जायचं तर नावेनं. उन्हाळ्यात नदी खाली गेली की गाड्या उतारानं पाण्यातून घालायच्या, पावसाळ्यात नाववाल्याची मर्जी, आणि पूर आला तर मर्जीसुद्धा नाही, अलीकडचे अलीकडं पलीकडचे पलीकडं. अलीकडं सांगली संस्थान, पटवर्धनांचं. पलीकडं थोडं पुढं गेलं की वाळवा तालुका, तो तेव्हा सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी मुलूख. तिकडचा गूळ, हळद, धान्य सांगलीच्या पेठेत यायचं आणि पेठेतलं कापड-भांडी तिकडं जायची, मधे ही नदी. १९१४ आणि १९१६ ला लागोपाठ मोठे पूर आले, असं जुने लोक सांगत आले. दुसरे चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन तेव्हा गादीवर होते, १९१० साली कारभार हातात घेतलेला तरुण राजा. त्यांनी पुढं हा पूल मनावर घेतला. छोट्या संस्थानानं एवढ्या नदीवर पक्का दगडी कमानींचा पूल बांधायचा म्हणजे तेव्हा लहान गोष्ट नव्हती, आजही कर्ज काढून घर बांधणाऱ्याला विचारा.

१९२९ च्या नोव्हेंबरात पूल खुला झाला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते, आणि नाव पण त्याचंच. आमची आज्जी सांगलीवाडीची, तेव्हा सात वर्षांची. ती सांगायची लाटसाहेब बघायला तिला तिच्या वडलांनी खांद्यावर घेतलं होतं तरी तिला साहेब काही दिसला नाही, पुढच्या माणसाचं पागोटं तेवढं दिसलं, ते गुलाबी होतं. एवढीच तिची ऐतिहासिक साक्ष. पण दुसऱ्या दिवशी घरचे सगळे पुलावरून पहिल्यांदा चालत गेले ते तिला चांगलं आठवत होतं, मधोमध थांबून तिच्या आईनं नारळ पाण्यात सोडला आणि खाली पडायला किती वेळ लागला म्हणून पोरं हसली. नावेत बसून हाताला पाणी लागायचं, आता नारळ टाकला तर आवाज पण उशिरा येतो. ती पुलाला शेवटपर्यंत 'आर्वीन' म्हणायची.

नावाचं जरा बोलतोच. तोच साहेब अमरावतीत पण आहे, तिथं इर्विन चौक, इर्विन दवाखाना. तिकडचा मित्र मला म्हणतो इर्विन, मी म्हणतो आयर्विन, आणि दोघांनाही साहेबाशी काही घेणंदेणं नाही. दिल्लीतल्या आयर्विन हॉस्पिटलचं नाव बदलून जयप्रकाश नारायणांचं दिलं. आमच्याकडं मात्र नाव चिकटलं. आणि बघा कसला काळ होता. पूल खुला केला नोव्हेंबरात, डिसेंबरात याच साहेबाच्या रेल्वेखाली दिल्लीजवळ बॉम्ब फुटला, तो वाचला, त्याच महिन्यात लाहोरला काँग्रेसनं पूर्ण स्वराज्य मागितलं. सव्वा वर्षानं गांधीजींशी करार केला तोही याच साहेबानं, आणि करार होऊन तीन आठवडे पण झाले नाहीत तोवर भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले ते याच्याच कारकिर्दीत. पुलापलीकडच्या वाळव्यात आणि कुंडल भागात पुढं प्रतिसरकार उभं राहिलं. १९४३ च्या जुलैत वसंतदादा सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उड्या टाकून साथीदारांबरोबर पळाले, दादांना गोळी लागली, दोघं जण शहीद झाले, आणि कृष्णेला तेव्हा पूर होता. त्या दिवशी आयर्विनला किती होतं हे मला लई दिवस बघायचं आहे. तुमच्या कुठल्या तरी कपाटात जुन्या नोंदी असतील तर एवढं एक बघून सांगा.

नाव बदला असं मी म्हणत नाही, ठेवा असं पण नाही, ज्यांना त्यात रस आहे ते बघतील. माझं म्हणणं एवढंच की पुलावर यातलं काहीतरी दिसावं. बाहेरून आलेल्या माणसानं, शाळेच्या पोरानं, पुलाच्या तोंडाशी उभं राहून दोन मिनिटांत वाचावं की नाव कुठून आलं, राजा कोण, आधी होडी चालायची, पुराच्या पाण्यात तुटायला होत होतं म्हणून हा बांधला. शुद्ध मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि कृपा करून फ्लेक्सवर नको. फ्लेक्स पहिल्या वाऱ्यात जातो आणि त्याच्यावर कुणाकुणाचे फोटो येतात ते तुम्हाला माहीत आहे. दगडात कोरा. पूल दगडी आहे, शोभेल.

आता मुख्य. शेजारी नवा समांतर पूल उभा राहिला. चांगलं झालं, पाहिजेच होता, जुन्यावरून दोन गाड्या समोरासमोर आल्या की आरसे मिटवायला लागायचे. अवजड गाड्या तर जुन्यावरून कधीच बंद केल्या, त्या बायपासनं. नव्या पुलाच्या जागेवरून पेठेत किती कचाकच झाली ते सगळं सोडून देऊ. मला काळजी वेगळीच आहे. नवा पूल आला की जुन्याकडं कुणी बघत नाही. जुना आहेच, उभा आहेच, पडला नाही म्हणजे चांगलाच असणार, असं आपलं असतं.

महाडला सावित्रीवर हेच होतं. जुना इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल, आपल्या आयर्विनच्याच पिढीचा, आणि शेजारी नवा पूल. दोन्हीवरून वाहतूक, एकावरून जायचं एकावरून यायचं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पूर आलेला असताना जुना कोसळला आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या, मुंबईकडं निघालेल्या. नंतर तिथं नवीन पूल १६५ दिवसांत बांधून दाखवला. म्हणजे मनात आणलं तर होतं. आणि कुणी म्हणेल की आपण गाड्या बंद करून टाकू, पूल फक्त चालायला ठेवू, मग काय धोका. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल चालायचाच होता, २०२५ च्या जूनमध्ये रविवारी लोक पाणी बघायला गर्दी करून उभे राहिले आणि तो खाली गेला. आमच्याकडं पूर आला की अख्खी सांगली आयर्विनवर पाणी बघायला येते, लेकरं खांद्यावर घेऊन, भडंगाचे पुडे घेऊन. पोहणारी पोरं कठड्यावरून सूर मारतात, पोलीस शिट्टी मारतात, तोवर पोरगं चार खांब पुढं निघालेलं असतं. श्रावणात होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा कठडा दिसत नाही एवढी माणसं. ही गर्दी तुम्ही थांबवू शकणार नाही, आम्ही पण ऐकणार नाही, उगाच खोटं कशाला बोला. त्यापेक्षा पूल तेवढी गर्दी पेलतो का हे दर पावसाळ्याआधी नीट तपासा आणि पेलत नसेल तर किती माणसं चालतील ते सांगा. दगडी बांधकामाचं मरण गाड्यांपेक्षा फटीत असतं, चुना सुटतो, पिंपळ रुजतो, मुळ्या आत जातात, आणि खाली खांबांच्या बुडाशी पाणी माती उकरत असतं ते तर दिसतच नाही. पाणबुडे उतरवून बुड बघायला लागतं. वर रंग देऊन आणि लाइटिंग करून बुड कळत नाही. लाइटिंग करा, छान दिसतं, फोटो येतात, पण आधी बुड.

आणि पट्टी. साहेब, हे जरा नीट वाचा. खांबावरची ती फुटांची पट्टी कुणाच्या तरी डोक्यात येईल की आता नव्या पुलाच्या खांबावर घेऊ, तिथं सेन्सर बसवू, मीटरमध्ये आकडा येईल, मोबाईलवर दिसेल. सेन्सर बसवा, दहा बसवा. पण जुन्या पट्टीचा शून्य हलवू नका. आमची सगळी अक्कल त्या शून्यावर उभी आहे. ५३ म्हणजे काय, ५७ म्हणजे काय, हे प्रत्येक घराला आपापल्या भिंतीवर माहीत आहे. उद्या तुम्ही नवीन ठिकाणी नवीन शून्य धरलात आणि पाणी '१७ मीटर' झालं, तर रात्री दोन वाजता दत्तनगरमधल्या माणसानं काय समजायचं? गॅसची टाकी उचलायची का झोपायचं? अण्णांसारख्या माणसांचं पन्नास वर्षांचं कोष्टक एका आदेशात रद्दी होईल. मशीनचा आकडा आणि जुन्या खांबाचा आकडा दोन्ही जुळवून, फुटातच, आयर्विनच्याच नावानं द्या.

ते कोष्टक आता कागदावर पण घ्या. माझ्या वयाची माणसं आहेत तोवर आहे, पुढच्या पिढीची निम्मी पोरं पुण्या-बेंगलोरला, आणि गावात नवीन राहायला आलेल्याला तर कोण सांगणार. प्लॉट घेताना एजंट सांगत नाही की इथं किती फुटाला पाणी येतं, तो म्हणतो २०१९ सोडलं तर कधी आलं नाही, म्हणजे काय तर आलं होतं. चौकाचौकात, मारुती चौक, टिळक चौक, स्टँड, शामरावनगर, गणपती पेठ, एकेक खांब रोवा. त्याच्यावर रेघा. इथं पाणी पोचतं तेव्हा आयर्विनला किती असतं तो आकडा खाली, आणि २००५, २०१९, २०२१ ला इथं कुठवर होतं त्या रेघा वर. इंजिनियरला एका उन्हाळ्याचं काम आहे, लेव्हल मशीन लावायचं, बाकी माहिती आम्ही देतो. प्रत्येक गल्लीत एक म्हातारा किंवा म्हातारी आहे, त्यांना विचारलं की ते बोटानं दाखवतात. आणि खुद्द पुलाच्या खांबावर २०१९ ची रेघ कोरा, रंगानं नको, छिन्नीनं. रंग दोन पावसात जातो आणि माणसं तर त्याच्याही आधी विसरतात, २००५ नंतर किती जणांनी पूररेषेच्या आत बांधली ते तुमच्याकडंच कागदावर असेल.

दुकानदार लोकांनी माझ्यावर चिडू नये म्हणून सांगतो, मला माहीत आहे रेघ कोरली की जागेचा भाव पडतो. माझ्या पण दुकानाचा पडेल. पडू दे. ती फळी मी दोनदा वर नेली आहे, तिसऱ्यांदा छत लागेल.

तर साहेब, एवढं सगळं एका पत्रात. उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण मे महिन्यात पाणी खाली असतं तेव्हा एकदा स्वतः येऊन पुलाखाली उतरा, सरकारी घाटावरून चालत जाता येतं, सकाळी सातच्या आत या नाहीतर ऊन लागतं. मग तसेच आमच्याकडं चहाला या. अण्णांनी २०१९ ला पायरीशेजारच्या भिंतीवर ओढलेल्या रेघांपैकी घराला रंग देताना पेंटरनं सगळ्या पुसल्या, एकच जिन्याच्या मागं राहिली आहे, तिथं ब्रश पोचला नाही. खाली त्यांच्या अक्षरात तारीख आणि वेळ आहे. ती तुमच्या माणसाकडून मोजून घ्यायची आहे. येताना टेप आणा, आमचा पुरात गेला तो गेलाच.

तुमचा,
गावभागातला एक अस्तरवाला